डायलिसिस अजून लागलेले नाही, तरी फिस्टुला आत्ताच का करायचा?

प्रश्न : रुग्णाची मुलगी

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. त्यांना दीर्घकाळापासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब असून गेल्या काही वर्षांत मूत्रपिंडांचे काम सातत्याने घटत गेले आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात हे दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितके काम कमी) १८ आला, त्याआधी तो २२ होता. त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टनी (मूत्रपिंडतज्ज्ञांनी) हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांची जोडणी, करून घेण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवायला सांगितले आहे.

अडचण अशी की बाबांना आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. लघवी व्यवस्थित होते, पायांवर सूज नाही, रोजचे चालणेही सुरू आहे. "डायलिसिस लागेल तेव्हा लागेल, आजच हाताची चांगली शीर कापून काय मिळणार?" असे ते विचारतात आणि मला त्यांना पटेल असे उत्तर देता येत नाही. त्यातच एका नातेवाइकांनी सांगितले की गरज पडेल त्या दिवशी मानेत नळी घालून लगेच डायलिसिस करता येते. तेव्हापासून बाबा सर्जनकडे जायचे टाळत आहेत.

इतक्या आधी फिस्टुला करण्यामागचे कारण काय, तो केल्यावर डायलिसिस लांबले किंवा लागलेच नाही तर काही अपाय होतो का, आणि सर्जनची भेट होईपर्यंत घरी कोणती काळजी घ्यावी, हे कृपया कोणी सांगेल का? भीती घालणारी नव्हे, तर कारणे समजावून देणारी उत्तरे मिळाली तर मी ती बाबांना वाचून दाखवीन.

प्रतिसाद १ : नेफ्रॉलॉजिस्ट

तुमच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डायलिसिसच्या यंत्रातून रक्त मिनिटाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर या वेगाने फिरवावे लागते. शरीरात रक्त पाच लिटरच्या आसपासच असते, पण तेच पुन्हा पुन्हा फिरून चार तासांच्या एका सत्रात यंत्रातून ७० लिटरहून अधिक रक्त जाते. हातावरच्या साध्या शिरेतून एवढा प्रवाह मिळत नाही. यंत्राने ओढायला सुरुवात करताच तिच्या भिंती मिटतात. धमनीत प्रवाहही असतो आणि दाबही असतो, परंतु ती खोलवर असते आणि आठवड्यातून तीन वेळा तिच्यात जाड सुया टोचणे सुरक्षित नसते. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनीच्या कडेला एक छोटी खिडकी पाडून शेजारची शीर तिला जोडतात. बाबांना हे अवश्य सांगा की शीर काढून टाकली जात नाही, तिला नवे काम दिले जाते. शस्त्रक्रिया बहुधा तेवढाच भाग किंवा हात बधिर करून होते, पूर्ण भूल क्वचितच लागते.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते आणि तिला वेळ लागतो. धमनीचे रक्त जोराने आत येऊ लागले की शीर हळूहळू रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि ती त्वचेखाली स्पष्ट हाताला लागू लागते. फिस्टुला असा परिपक्व व्हायला सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त काळ लागतो. सर्वसाधारण ठोकताळा सहाच्या आकड्याचा आहे : सहा आठवड्यांनी तपासल्यावर प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर, शिरेचा व्यास ६ मिलिमीटर आणि त्वचेपासूनची खोली ६ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. शिवाय प्रत्येक फिस्टुला पहिल्या प्रयत्नात तयार होतोच असे नाही. काही फिस्टुला सुरुवातीलाच गुठळी होऊन बंद पडतात, काहींची शीर पुरेशी रुंदावत नाही, आणि मग फुग्याने अरुंद भाग मोठा करणे, खोल शीर वर आणणे किंवा दुसऱ्या जागी नवा फिस्टुला करणे असे काही तरी करावे लागते. वय, मधुमेह आणि कठीण झालेल्या धमन्या यांमुळे ही शक्यता वाढते. या सगळ्यासाठी लागणारा काळ मोजला तर डायलिसिस अपेक्षित असण्याच्या सुमारे सहा महिने आधी शस्त्रक्रिया व्हावी, हा सल्ला घाईचा वाटणार नाही.

रक्तवाहिनीचा हा प्रश्न डायलिसिसच्या जन्मापासूनचा आहे. नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड माणसावर वापरले, पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्यामुळे काही सत्रांनंतर जागाच उरत नसे. यंत्र तयार असूनही दीर्घकाळ डायलिसिस करणे शक्य नव्हते. सिॲटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हाताबाहेर ठेवली, तेव्हा कुठे दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाला वर्षानुवर्षे डायलिसिस देता येऊ लागले. मात्र त्या नळीत जंतुसंसर्ग आणि गुठळ्या वारंवार होत. १९६६ मध्ये न्यू यॉर्कचे डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखालच्या फिस्टुलाची पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही मनगटाजवळचा फिस्टुला मुळात तोच आहे. इतक्या वर्षांत यंत्रे पार बदलली, पण माणसाच्या स्वतःच्या शिरेहून टिकाऊ असे काही अद्याप हाती आलेले नाही.

आता बाबांच्या मनातील गोंधळाविषयी. फिस्टुला केव्हा करायचा आणि डायलिसिस केव्हा सुरू करायचे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. फिस्टुला झाला म्हणून कोणी डायलिसिस लवकर सुरू करत नाही आणि करूही नये. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, केवळ आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू केलेल्या रुग्णांचे आयुष्य त्यामुळे वाढले नाही असे दिसले. त्यामुळे भूक मरणे, मळमळ, धाप, औषधांना न जुमानणारी सूज किंवा रक्तात वाढलेले पोटॅशियम अशी कारणे दिसेपर्यंत आपण थांबतो. पण थांबण्याची ही मोकळीक ज्याचा हात तयार आहे त्यालाच खऱ्या अर्थाने मिळते. ज्याचा हात तयार नाही, त्याला लक्षणे दिसू लागताच बहुतेक वेळा मानेतल्या नळीखेरीज पर्याय राहत नाही.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ज्यांचे मूत्रपिंड अत्यंत संथपणे घटत आहे अशा वयस्क रुग्णांमध्ये फिस्टुला कधीच वापरला न जाण्याचा संभव असतो, म्हणून फक्त आकड्याकडे न पाहता घसरणीचा वेग पाहावा लागतो. मूत्रपिंडविकारांवरील अमेरिकेतील केडीओक्यूआय या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१९ च्या आवृत्तीत, ईजीएफआर १५ ते २० च्या दरम्यान असून सतत घटत असेल तर रुग्णाला या तयारीसाठी पाठवावे असे म्हटले आहे. २२ वरून १८ वर आलेले तुमचे बाबा नेमके त्याच टप्प्यावर आहेत. डायलिसिस लांबले तर बहुतेकांना अपाय होत नाही, उलट शीर आणखी भक्कम होते. हृदय अशक्त असेल तर मात्र वाढलेल्या प्रवाहाचा भार पडू शकतो, त्यामुळे त्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे की नाही, हे कृपया कळवा.

प्रतिसाद २ : डायलिसिस विभागातील परिचारिका

डॉक्टरांनी कारणे सांगितली आहेत. मी फक्त शिरा जपण्याविषयी आणि मानेतल्या नळीविषयी लिहिते, कारण रुग्ण आमच्याकडे येईपर्यंत नुकसान बहुतेक वेळा याच बाबतीत होऊन गेलेले असते.

ताई, मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूने वर जाणारी शीर सरळ आणि ठळक असते, म्हणून सलाईन लावताना सगळ्यांचा हात आधी तिच्याकडेच जातो. दुर्दैवाने फिस्टुलासाठी सर्वांत उपयुक्त शीरही तीच असते. सुई काही दिवस आत राहिली की शिरेला आतून सूज येते आणि नंतर ती दोरीसारखी कडक होऊन बसते किंवा पूर्ण बंद होते. मूत्रपिंडाचे रुग्ण वारंवार रक्त तपासतात, कधी इतर कारणांनी दाखल होतात आणि प्रत्येक वेळी हातावर एखादी शीर खर्ची पडते. म्हणून आजपासूनच रक्ताचा नमुना हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूने घ्यायला सांगा. दाखल व्हायची वेळ आली तर सलाईनही तिथेच लावण्याचा आग्रह धरा. शक्य असेल तेव्हा एकाच वेळी टोचून सगळ्या तपासण्यांचे रक्त घेतले जाईल असे पाहा. दंडातून छातीपर्यंत जाणारी लांब नळी, जिला पिक लाइन म्हणतात, ती मूत्रपिंडाच्या अशा रुग्णाला नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय घालू देऊ नका. "माझ्या दंडाच्या आणि मनगटाच्या शिरा डायलिसिससाठी राखायच्या आहेत" हे वाक्य बाबांना स्वतःच्या तोंडाने म्हणायला शिकवा, कारण सुई घेऊन येणारी व्यक्ती दर वेळी नवी असते आणि तिने कागदपत्रे वाचलेली असतीलच असे नाही.

मानेतल्या नळीविषयी तुमच्या नातेवाइकांनी सांगितले ते खोटे नाही. ती त्याच दिवशी घालता येते आणि अचानक आलेल्या संकटात तिने असंख्य जीव वाचतात. पण तिचे एक टोक त्वचेबाहेर आणि दुसरे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते, त्यामुळे जंतूंना थेट रक्तात जाण्याचा रस्ता मिळतो. फिस्टुलाच्या तुलनेत रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका तिच्यात कित्येक पटींनी अधिक असतो, आणि मधुमेही रुग्णाला असा संसर्ग फार महागात पडतो. नळी जितकी जास्त काळ राहते तितकी ती जिथे असते ती मोठी शीरही अरुंद होत जाते. पुढे त्या बाजूच्या हातात फिस्टुला केला तर रक्त परत जायला वाट अपुरी पडते आणि सगळा हात सुजतो. विशेषतः गळपट्टीच्या हाडाखालून घातलेल्या नळीने असे होते. त्यामुळे कधी नळी घालावीच लागली तर मानेच्या उजव्या बाजूची शीर निवडतात.

सर्जनकडे जाताना पुढील गोष्टी लिहून न्या : बाबा कोणत्या हाताने काम करतात, पूर्वी कधी मानेत किंवा छातीत नळी घातली होती का, पेसमेकर आहे का, हाताला किंवा खांद्याला मोठी इजा अथवा शस्त्रक्रिया झाली आहे का, आणि रक्त पातळ करणारी कोणती औषधे चालू आहेत. ही औषधे स्वतःहून बंद करू नका.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. बाबांना पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. दोन निर्णय वेगवेगळे आहेत हा मुद्दा त्यांना पटला आणि ते सर्जनना भेटायला तयार झाले आहेत.

परंतु परिचारिकाताईंच्या यादीने नवी चिंता निर्माण केली आहे. बाबांना डाव्या बाजूला पेसमेकर बसवलेला आहे आणि ते उजव्या हाताने काम करतात. सगळीकडे "जो हात कमी वापरात असतो त्यात फिस्टुला करतात" असे वाचल्यामुळे आम्ही आजवर डावा हात जपत आलो आणि रक्त नेहमी उजव्या हातातून दिले. आता काय करावे? इको पेसमेकरच्या वेळी झाला होता, त्यानंतर नाही.

प्रतिसाद ३ : नेफ्रॉलॉजिस्ट

हे तुम्ही आत्ता सांगितले ते फार चांगले झाले. पेसमेकरच्या तारा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत जातात आणि तिथे शीर अरुंद होण्याची शक्यता असते. पेसमेकर असलेल्या प्रत्येकाला असे होते असे नाही, आणि फिस्टुला नसेपर्यंत असे अरुंद होणे बहुधा लक्षातही येत नाही, कारण हाताचे नेहमीचे रक्त आजूबाजूच्या लहान शिरांतून वाट काढते. त्याच हातात फिस्टुला केला की प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि तेव्हा सूज दिसू लागते. म्हणून अशा रुग्णात शक्यतो दुसरी बाजू निवडतात. कमी वापरातल्या हाताला प्राधान्य देण्याचा हेतू एवढाच असतो की बरे होताना आणि डायलिसिसच्या तासांत कामाचा हात मोकळा राहावा. चांगली शीर आणि मोकळी वाट यांपुढे हा हेतू दुय्यम ठरतो.

निर्णय होईपर्यंत दोन्ही हात सारखेच जपा आणि रक्त पंज्याच्या मागच्या बाजूनेच द्या. उजव्या हातातून आजवर रक्त दिले म्हणून तो निकामी झाला असे समजण्याचे कारण नाही. एकेकदा टोचून लगेच काढलेली सुई ही दिवसेंदिवस आत राहिलेल्या सुईइतके नुकसान करत नाही. सर्जन दोन्ही हातांची डॉपलर सोनोग्राफी करतील. तीत दंडाला पट्टा बांधून शिरेचा व्यास पाहतात. साधारणपणे शीर २ ते २.५ मिलिमीटरहून आणि धमनी २ मिलिमीटरहून रुंद असेल तर मनगटाजवळ प्रयत्न करता येतो. छातीतील मोठ्या शिरा मात्र सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. डाव्या हाताचाच विचार करावा लागला तर रंगद्रव्य सोडून त्या शिरांचे चित्र घेण्याविषयी विचारा. ईजीएफआर १८ असताना हे रंगद्रव्य कमीत कमी वापरावे लागते, म्हणून ती तपासणी ठरवण्यापूर्वी नेफ्रॉलॉजिस्टना कळू द्या. इको मात्र नव्याने करून घ्या.

मधुमेहात मनगटाजवळची धमनी बरेचदा बारीक आणि चुन्यासारखी कठीण झालेली असते. त्यामुळे सर्जनने कोपराजवळचा फिस्टुला सुचवला तर नवल वाटू देऊ नका. तिथे शीर मोठी असते आणि यशाची शक्यता चांगली असते, पण बोटांकडे जाणारे रक्त फिस्टुलाकडे वळण्याचा धोकाही तिथेच अधिक असतो. शस्त्रक्रियेनंतर पंजा थंड पडणे, बोटे बधिर होणे किंवा दुखणे असे झाले, विशेषतः बोटांवर काळसर डाग किंवा जखम दिसली, तर ताबडतोब दाखवावे. शिरा अगदीच अपुऱ्या असतील तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट बसवतात. तो दोन ते चार आठवड्यांत वापरता येतो, परंतु त्यात गुठळ्या आणि संसर्ग फिस्टुलापेक्षा जास्त होतात.

आणखी एक विनंती. पोटाचे डायलिसिस (पोटात द्रव सोडून, पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्त शुद्ध करणे) आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण यांविषयी याच टप्प्यावर विचारा. पोटाच्या डायलिसिसला फिस्टुला लागत नाही आणि हृदय फार अशक्त असेल तर तो मार्ग कधी कधी अधिक सुखाचा ठरतो. ज्यांचे हृदय वाढीव प्रवाह पेलू शकत नाही किंवा ज्यांचे आयुर्मान अन्य आजारामुळे मर्यादित आहे, अशा काही जणांसाठी त्वचेखालून नेलेली कायमची नळी हाच योग्य निर्णय असतो. २०१९ च्या तत्त्वांचा रोखही "सर्वांना फिस्टुला" असा नसून त्या त्या रुग्णाच्या पुढील आयुष्याचा विचार करून मार्ग ठरवावा असा आहे. मी फिस्टुलाच्या बाजूने इतके लिहिले ते बाबांची प्रकृती चांगली आहे आणि हाताशी वेळ आहे म्हणून.

प्रतिसाद ४ : डायलिसिसवरील रुग्ण

मी स्वतः फिस्टुलावर डायलिसिस घेतो, म्हणून काकांना थेट सांगतो. शस्त्रक्रियेची भीती होती त्यापेक्षा ती फार सोपी गेली. खरी कसोटी नंतरच्या वाट पाहण्याची होती. माझा फिस्टुला सुरुवातीला पुरेसा रुंद होत नव्हता आणि जोडणीजवळचा अरुंद भाग फुग्याने मोठा करावा लागला. त्या वेळी माझे डायलिसिस सुरू झालेले नव्हते, त्यामुळे हे सगळे शांतपणे पार पडले. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना हेच उपचार मानेत नळी आणि अंगात ताप असताना घ्यावे लागले. दोघांत फरक फक्त वेळेचा होता.

जखम भरल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी आणि सर्जनने परवानगी दिल्यावर, मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सुरू करतात. त्याने स्नायूंना बळ येते आणि शीर उठून दिसायला मदत होते असे मला सांगण्यात आले होते. मी तो दिवसातून अनेकदा थोडा थोडा करत असे. त्या हातावर रक्तदाब मोजू देत नाही, घड्याळ किंवा घट्ट बाही घालत नाही आणि त्या कुशीवर झोपत नाही. पहिल्यांदा सुया टोचतात तेव्हा बारीक, बहुधा १७ गेजच्या वापरतात आणि यंत्राचा वेगही कमी ठेवतात. एखादी सुई शिरेच्या भिंतीतून पलीकडे गेली तर हात सुजून निळा पडतो, पण विश्रांती दिली की तो सुधारतो. अशा वेळी फिस्टुला गेला असे समजून धीर सोडू नये. सुई रोज त्याच ठिकाणी टोचली तर तिथली शीर फुगून पातळ होते, म्हणून जागा बदलत राहा असे मी स्वतःच आठवण करून देतो.

काकांनी एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. जोडणीवर बोटे ठेवली की आत बारीक थरथर जाणवते, ती सकाळी आणि रात्री तपासावी. जुलाब, उलट्या किंवा अन्य कारणाने अंगातले पाणी कमी झाले, रक्तदाब फार खाली गेला, तर गुठळी होण्याचा संभव असतो. अशा दिवशी अधिक वेळा पाहावे. थरथर थांबली किंवा तिच्या जागी नुसता ठोका जाणवू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण ताजी गुठळी काढून तोच फिस्टुला पुन्हा सुरू करता येण्याची शक्यता असते आणि ती प्रत्येक दिवसागणिक कमी होत जाते. फिस्टुलातून कधी रक्त वाहू लागले तर वरून फडके गुंडाळत बसू नये. नेमक्या जागी बोटाने घट्ट दाबून धरावे, हात वर उचलावा, दाब न सोडता मदत बोलवावी, आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी हे आधीच करून दाखवून ठेवावे.